कम्युनिटी कॉलेजात पहिला वर्ग कोणता घ्यावा? फ्रीमाँटच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचे दहावीपर्यंतचे शिक्षण कऱ्हाड तालुक्यातील मराठी शाळेत झाले. बारावी वाणिज्य शाखेतून झाली, तीही गणिताऐवजी सेक्रेटरियल प्रॅक्टिस हा विषय घेऊन. २०१२ साली त्या शिवाजी विद्यापीठातून ५८ टक्के गुणांनी बी.कॉम. झाल्या. त्यानंतर काही वर्षे एका पतसंस्थेत नोकरी, मग लग्न आणि मूल, आणि आता दोन वर्षांपासून एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) व्हिसावर कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे वास्तव्य. अकाउंटिंग शिकण्यासाठी त्यांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, अर्ज केला, तेव्हा इंग्रजी आणि गणितासाठी ‘गाइडेड सेल्फ-प्लेसमेंट’ पूर्ण करा, असा निरोप आला. यजमान म्हणतात की सर्वात खालच्या वर्गापासून सुरू कर, पाया पक्का होईल. मैत्रीण म्हणते की थेट वरचा वर्ग घे. परीक्षेची तयारी कशी करावी आणि दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे ताई विचारतात.

ताई, मी स्वतः इचलकरंजीच्या मराठी शाळेत शिकले आणि गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात आहे. आधी गणित शिकवले आणि आता नव्या विद्यार्थ्यांचे वर्ग ठरवण्याचे काम करते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

पहिली गोष्ट अशी की तुम्हाला ज्या परीक्षेची धास्ती वाटते आहे, ती परीक्षा बहुधा नाहीच. गाइडेड सेल्फ-प्लेसमेंट म्हणजे एक प्रश्नावली असते. तीत तुमचे आधीचे शिक्षण, वाचनाची आणि लेखनाची सवय, पुढचे उद्दिष्ट यांविषयी विचारतात, प्रत्येक वर्गात काय करावे लागते याचे नमुने दाखवतात आणि शेवटी एक शिफारस देतात. निर्णय तुमचा असतो. म्हणजे प्रश्न ‘परीक्षेत किती गुण मिळतील’ हा नसून ‘मला काय येते याचा अंदाज मी स्वतः कसा घेऊ आणि तो कॉलेजला कसा दाखवू’ हा आहे. परीक्षेपेक्षा हे अवघड आहे, कारण आपल्याकडे शिकलेल्या माणसाला, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्या बाईला, स्वतःला एक पायरी खाली मोजण्याची सवय लागलेली असते. तुमच्या प्रश्नातही ती मला दिसली. पतसंस्थेत खतावण्या सांभाळलेली व्यक्ती ‘मला अगदी सुरुवातीचे अंकगणित करावे लागेल का’ असे विचारते आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुम्हाला अकाउंटिंगचे एक वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बुककीपरची नोकरी हवी आहे, दोन वर्षांची पदवी घेऊन पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे आहे, की सीपीए (इथला परवानाधारक लेखापाल) व्हायचे आहे, यावर बरेच काही ठरते. पुष्कळ कॉलेजांतील अकाउंटिंगच्या प्रमाणपत्राला इंग्रजी निबंधलेखनाचा किंवा गणिताचा वेगळा वर्ग लागतच नाही. तसे असेल तर तुमची अर्धी चिंता आजच संपते. आठवड्याला तुम्हाला अभ्यासासाठी खरोखर किती तास मिळतील, मूल शाळेत जाते की घरी असते, वर्ग प्रत्यक्ष हवा की ऑनलाइन, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते तुम्ही पदवीच्या किंवा विद्यापीठात जाण्याच्या मार्गाने जाणार आहात असे धरून लिहिते.

यजमानांचा सल्ला प्रेमापोटी आहे आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो. वीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजांनीही तोच सल्ला नियम म्हणून राबवला होता. नवा विद्यार्थी आला की त्याला संगणकावर अ‍ॅक्युप्लेसर किंवा कंपास यांसारखी चाचणी द्यायची आणि गुणांप्रमाणे त्याला कॉलेज पातळीच्या एक, दोन, तीन किंवा चार पायऱ्या खाली बसवायचे. उद्देश चांगला होता. परंतु २०१२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने या चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसले की गणितात चाचणी देणाऱ्यांपैकी साधारण चारात एक आणि इंग्रजीत साधारण तिनात एक विद्यार्थी अगदी चुकीच्या पातळीवर बसवला जात होता. त्यांतही वर बसवण्याच्या चुकीपेक्षा खाली बसवण्याची चूक फार जास्त होती. शाळेतील एकूण गुण एका दुपारच्या चाचणीपेक्षा बरेच अधिक सांगतात, हेही त्यातून पुढे आले. लाँग बीच सिटी कॉलेजने त्याच सुमारास शाळेच्या गुणांवरून वर्ग देण्यास सुरुवात केली. कंपास चाचणी तर तिच्या संस्थेनेच २०१६ मध्ये बंद केली. पुढे कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा केला आणि २०१९ च्या शरद सत्रापासून तो सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत पूर्णपणे लागू झाला. विद्यार्थी एका वर्षात विद्यापीठाला चालणारा इंग्रजीचा आणि गणिताचा वर्ग पूर्ण करण्याची शक्यता ज्या मार्गाने सर्वाधिक असेल, त्या मार्गावर त्याला ठेवणे आता कॉलेजावर बंधनकारक आहे. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. २०२२ च्या एबी १७०५ या कायद्याने हे आणखी घट्ट केले.

‘पाया पक्का’ करण्याच्या मार्गाने इतके नुकसान का झाले, हे मी विद्यार्थ्यांना कागदावर गणित मांडून दाखवते. समजा तुम्हाला तीन पायऱ्या खाली बसवले आणि प्रत्येक वर्गात १०० पैकी ८० जण उत्तीर्ण होतात. हे प्रमाण चांगले आहे. उत्तीर्ण झालेल्यांपैकी पुन्हा ८० टक्के लोक पुढच्या सत्रात पुढचा वर्ग घेतात, हेही चांगले आहे. तरीही तीन वेळा उत्तीर्ण होणे, तीन वेळा पुढे नाव नोंदवणे आणि शेवटी खरा वर्ग उत्तीर्ण होणे अशी सात दारे ओलांडावी लागतात. ०.८ हा आकडा सात वेळा एकमेकांनी गुणला की उत्तर ०.२१ च्या आसपास येते. शंभर जण निघाले आणि एकवीस पोहोचले. वाटेत थांबलेले सगळे नापास झालेले नसतात. कोणाची नोकरीची पाळी बदलते, कोणाला दुसरे मूल होते, कोणाचे सासरे भारतात आजारी पडतात, कोणाला हव्या त्या वेळेला वर्ग मिळत नाही. वाट जितकी लांब, तितक्या अशा गोष्टी घडायला जागा जास्त. यजमानांना हे गणित दाखवा. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण आमच्या वर्गखोल्यांत मी हेच घडताना पाहिले आहे.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. २०१३ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातील एक बाई आमच्याकडे चाचणी द्यायला आल्या होत्या. भारतात त्यांनी काही वर्षे शाळेत सातवीपर्यंतचे गणित शिकवले होते. चाचणीत त्या सर्वात खालच्या अंकगणिताच्या वर्गात गेल्या. निकाल बघून त्या काही बोलल्या नाहीत, मान हलवून निघाल्या. मला राहवले नाही, म्हणून त्यांना थांबवून एक-दोन उदाहरणे मराठीत सांगितली. त्यांनी ती तोंडी सोडवली. ‘क्वोशंट’ म्हणजे भागाकार, ‘डिनॉमिनेटर’ म्हणजे छेद आणि ‘प्रॉडक्ट’ म्हणजे इथे वस्तू नव्हे तर गुणाकार, एवढेच त्यांना माहीत नव्हते. त्या चाचणीत पुढे गेलेल्या प्रश्नाकडे परत येता येत नाही आणि सुरुवातीची उत्तरे चुकली की यंत्र पुढचे प्रश्न सोपे देत जाते, त्यामुळे त्यांना जे येत होते ते विचारलेच गेले नाही. त्या काळच्या नियमांप्रमाणे मी त्यांना फक्त एकदा पुनर्परीक्षा देऊ शकत होते. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचे गणित कच्चे नव्हते, पण आमच्या कागदावर तसे लिहिले गेले आणि त्यावर मी सही केली होती. तेव्हापासून ‘तुमची पातळी अमुक आहे’ असे वाक्य मी वापरत नाही. चाचणीने एवढेच सांगितले, असे म्हणते.

आता तुमच्या इंग्रजीकडे वळू, कारण खरा विचार इथेच करावा लागणार आहे. कॅलिफोर्नियात विद्यापीठाला चालणारा इंग्रजीचा पहिला वर्ग म्हणजे लेखनाचा वर्ग. पूर्वी बहुतेक ठिकाणी त्याला इंग्लिश १ए म्हणत. २०२५ च्या शरद सत्रापासून सगळ्या कॉलेजांना एकच क्रमांक देण्याच्या योजनेखाली तो इंग्लिश सी १००० झाला आहे. या वर्गात व्याकरणाचे नियम शिकवत नाहीत. लेख वाचायचे, त्यातील मुद्दा ओळखायचा, त्यावर स्वतःचे मत मांडायचे, इतर लेखकांचे आधार देत ते सिद्ध करायचे आणि शिक्षकाने सुचवल्यावर पुन्हा लिहायचे, असे तिथले काम असते. आपल्याकडे बी.कॉम.ला आपण प्रश्नाचे उत्तर लिहिले, टिपा लिहिल्या, फरक स्पष्ट केले. स्वतःचे मत घेऊन चार पाने युक्तिवाद करा, असे आपल्याला सहसा कोणी सांगितले नाही. त्यामुळे इंग्रजी बरे असलेले विद्यार्थीही इथे अडखळतात, आणि बोलताना संकोचणारे पण वाचनाची सवय असलेले विद्यार्थी पुष्कळदा छान निभावून नेतात. बोलण्यातील सफाई आणि या वर्गातील यश यांचा संबंध लोक समजतात तितका नाही. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. कार्यालयात रोज इंग्रजीत बोलणारे एक गृहस्थ माझे न ऐकता थेट या वर्गात गेले आणि सहाव्या आठवड्यात सोडून आले, कारण त्यांनी आयुष्यात इंग्रजीत पानभर सलग लिहिलेच नव्हते.

म्हणून प्रश्नावली भरण्याआधी दोन दिवस काढून स्वतःची एक तपासणी करा. तुम्ही निवडलेल्या कॉलेजच्या संकेतस्थळावर या वर्गाचे जुने सिलॅबस सापडतात. त्यात दिलेला एखादा लेख घ्या, सहा-सात पानांचा. शब्दकोश बाजूला ठेवून तो एकदा वाचा आणि लेखकाचे म्हणणे काय आहे हे मराठीत तीन वाक्यांत लिहा. मराठीत अशासाठी की आपल्याला आधी समज तपासायची आहे. मग शब्दकोश घेऊन दुसऱ्यांदा वाचा आणि तुम्हाला त्यातील काय पटले नाही, हे इंग्रजीत दीड पान लिहा. घड्याळ लावा, पण घाई करू नका. ते लिखाण दोन दिवसांनी पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात लेखाचा गाभा हाती आला असेल आणि लिखाणातील चुका क्रियापदांच्या रूपांच्या, ‘ए’ आणि ‘द’ या उपपदांच्या किंवा शब्दयोगी अव्ययांच्या असतील, तर थेट सी १००० घ्या आणि त्याच्याबरोबर जोडवर्ग घ्या (तो काय असतो ते पुढे सांगते). पण लेखाचा अर्थच तीन-चार वेळा वाचूनही निसटत असेल किंवा दीड पान लिहायला सगळी संध्याकाळ जाऊनही वाक्ये अर्धवट राहत असतील, तर इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या विभागातील वरच्या पातळीचा एक वर्ग आधी घेणे हा योग्य मार्ग आहे. तो वर्ग घेण्यात कोणताही कमीपणा नाही. परदेशातून शिकून आलेल्या माणसासाठीच तो रचलेला असतो. फक्त तो वरच्या पातळीचा असावा, आणि तिथून सी १००० पर्यंत किती सत्रे लागतील हे आधी विचारून घ्यावे. दोन सत्रांपेक्षा जास्त लागणार असतील तर समुपदेशकाकडून कारण समजून घ्या.

जोडवर्गाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण भारतातून आलेल्या पालकांना आणि विद्यार्थ्यांना ही कल्पना अपरिचित असते. मुख्य वर्गाबरोबर त्याच सत्रात एक-दोन युनिटचा (युनिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचे माप) आधारवर्ग घ्यायचा, बहुधा त्याच शिक्षकांकडे. मुख्य वर्गात ज्या निबंधावर काम चालू आहे, त्याच निबंधाचे वाचन, मांडणी आणि दुरुस्ती तिथे सावकाश होते. मेरीलँडमधील बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजाने २००७ मध्ये इंग्रजीसाठी हा प्रयोग केला आणि पुढे तो देशभर पसरला. तुमच्या यजमानांच्या मनातील पाया पक्का करण्याचा हेतू यातून साधतो, आणि वाट लांबत नाही. मला विचाराल तर मध्यम आत्मविश्वासाच्या प्रौढ विद्यार्थ्यासाठी हीच सर्वात चांगली सोय आहे.

याशिवाय फ्रीमाँटसारख्या गावांत प्रौढ शाळा आणि कॉलेजांचे विनाक्रेडिट, म्हणजे पदवीत न धरले जाणारे, इंग्रजी वर्ग असतात. विनाक्रेडिट वर्गांना शुल्क नसते आणि तुमच्या कॉलेजच्या गुणपत्रिकेवर त्यांचा कोणताही भार येत नाही. सत्र सुरू होण्यास दोन-तीन महिने असतील तर तेवढ्या काळात ते जरूर करा. पण ते झाल्याशिवाय कॉलेजात जायचे नाही, असे स्वतःला बांधून घेऊ नका.

गणिताबद्दल मी कमी लिहिते, कारण तिथे तुमची स्थिती तुम्हाला वाटते त्याहून बरी आहे. व्यवसाय आणि अकाउंटिंगच्या मार्गावर सहसा संख्याशास्त्राचा वर्ग लागतो आणि काही विद्यापीठांना व्यवसायासाठीचे कलनगणितही (कॅल्क्युलस) लागते. बारावीला गणित नव्हते म्हणून तुम्ही घाबरला आहात, पण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राचा पेपर होता असेही तुम्हीच लिहिले आहे. मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे तुम्ही एकदा केलेले आहे. अडचण शब्दांची येईल. मीन, मीडियन, मोड, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन असे दोन्ही भाषांतील शब्द समोरासमोर मांडून एक वही तयार करा. मी स्वतः इथे आल्यावर तशी वही केली होती आणि ती अजून माझ्या खणात आहे. एक लाख लिहिताना स्वल्पविराम कुठे द्यायचा यासारखी लहान गोष्टही पहिल्या आठवड्यात गोंधळात टाकते. थेट संख्याशास्त्र घ्या, हवा असल्यास त्याचाही जोडवर्ग घ्या. बीजगणिताची उजळणी आधी करायची गरज नाही. कलनगणित लागणार असेल तर मात्र समीकरणे, आलेख आणि फलन यांचा सराव सत्राआधीच्या सुट्टीत करावा लागेल.

अकाउंटिंगच्या मुख्य विषयात मी तुम्हाला नेमका उलटा सल्ला देणार आहे. तुम्हाला दुहेरी नोंद पद्धती येते, तेरीज मांडता येते, ताळेबंद कळतो. तरीही फायनान्शियल अकाउंटिंगचा पहिला वर्ग माफ करून घेऊ नका. तो वर्ग विद्यापीठाला तुमच्या अमेरिकी गुणपत्रिकेवर दिसायला हवा, हे एक कारण आहे. शिवाय इथली मांडणी आणि नियम वेगळे आहेत. आपण ज्याला ऋणको म्हणतो ते इथे अकाउंट्स रिसिव्हेबल होते, व्यापार खाते आणि नफा-तोटा खाते यांच्या जागी एकच उत्पन्न विवरण येते, आणि साठ्याचे मूल्य ठरवताना शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणारी लिफो पद्धत, जी भारतीय लेखामानके मान्य करत नाहीत, ती इथे चालते. तुमच्या आधीच्या ज्ञानामुळे हा वर्ग तुम्हाला सोपा जाईल आणि पहिल्याच सत्रात एक चांगली श्रेणी हातात येईल. इतक्या वर्षांनंतर अभ्यासाला बसणाऱ्या माणसासाठी त्याचे मोल फार असते. इंग्रजीच्या वर्गाबरोबर हा वर्ग जोडला तर सत्राचा तोल चांगला राहतो. दोन अनोळखी विषय मात्र पहिल्या सत्रात एकत्र घेऊ नका.

आता कागदपत्रे. ५८ टक्के हा आकडा इथल्या माणसाच्या डोळ्यांना नापास दिसतो, कारण अमेरिकी वर्गांत ६० च्या खाली बहुधा ‘एफ’ श्रेणी असते. आपल्या विद्यापीठांत ६० ला प्रथम वर्ग मिळतो, ही गोष्ट समुपदेशकाला माहीत असेलच असे नाही. म्हणून गुणपत्रिका नुसती दाखवू नका. परदेशी पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडून विषयवार अहवाल करून घ्या. त्या संस्थांना भारतीय श्रेणीपद्धती माहीत असते आणि त्या तिचे योग्य रूपांतर करतात. कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल हे आधी कॉलेजला विचारा. पैसे भरून चुकीच्या संस्थेकडून अहवाल करून आलेली माणसे मी पाहिली आहेत. कोल्हापूरहून सीलबंद गुणपत्रिका मागवायला वेळ लागतो, त्यासाठी गावाकडच्या कोणाला तरी विद्यापीठात पाठवावे लागेल, तेव्हा हे काम आजच सुरू करा. या अहवालाने इंग्रजीचा लेखनवर्ग सहसा माफ होत नाही, पण इतर काही विषयांची सूट मिळू शकते आणि गणिताची पूर्वअट पूर्ण झाल्याचे दाखवता येते. एखाद्या वर्गाची पूर्वअट तुम्ही दुसऱ्या मार्गाने पूर्ण केलेली आहे असे वाटत असेल, तर कॅलिफोर्नियात तिला लेखी आव्हान देण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यासाठीचा अर्ज प्रत्येक कॉलेजात असतो. विद्यार्थी तो मागत नाहीत, एवढेच.

तुम्हाला सीपीएचा विचार असेल तर तीन वर्षांच्या बी.कॉम.कडे राज्याचे लेखापाल मंडळ कसे पाहील, हे त्यांच्या चालू नियमांत तपासा. कॉलेजातील अकाउंटिंगची युनिटे तिथे उपयोगी पडतात. करविषयक कामच करायचे असेल तर आयआरएसची (अमेरिकेच्या करखात्याची) एन्रोल्ड एजंट, म्हणजे करसल्लागाराची, परीक्षा तीन भागांत असते आणि तिला पदवीची अट नाही. ही वाटही लक्षात असू द्या.

खर्चाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पायऱ्यांचा हिशेब त्याशिवाय अपुरा राहील. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सत्रपद्धतीच्या (वर्षात दोन मोठी सत्रे) कॉलेजात दर युनिटला ४६ डॉलर आणि क्वार्टर पद्धतीच्या (वर्षात तीन लहान सत्रे) कॉलेजात ३१ डॉलर शुल्क आहे. जवळच्या कॉलेजांपैकी डी अँझा क्वार्टर पद्धतीचे आहे आणि ओलोनी सत्रपद्धतीचे, म्हणून दोन्हींची युनिटे एकमेकांशी तशीच्या तशी ताडून पाहू नका. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे असतील तर रहिवासी दर मिळू शकतो आणि एच-४ व्हिसा त्याच्या आड येत नाही. रहिवासी नसलेल्यांचे शुल्क कित्येक पट अधिक असते, त्यामुळे भाडेकरार, कराचे विवरण, वाहन परवाना हे कागद एकत्र ठेवा. एच-४ वर शिकायला कामाच्या परवान्याची आवश्यकता नसते. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मात्र या व्हिसावर मिळत नाही, म्हणून गरजेपेक्षा खालचा प्रत्येक वर्ग तुमच्याच खिशातून जातो.

हे उत्तर इतर राज्यांतील वाचकही वाचतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. सगळीकडे कॅलिफोर्नियासारखे नाही. टेक्सासात टीएसआयए ही राज्याची चाचणी असून २०२१ पासून तिची दुसरी आवृत्ती चालते. न्यू जर्सीत अनेक काउंटी कॉलेजे अजून अ‍ॅक्युप्लेसर घेतात. अशा ठिकाणी तयारी न करता चाचणीला बसू नका. ‘ही परीक्षा नव्हे, सहज द्या’ असे तुम्हाला सांगितले जाईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तुमचे एक-दोन वर्ष त्या निकालावर ठरू शकते. अ‍ॅक्युप्लेसरची सरावसामग्री कॉलेज बोर्ड मोफत देते आणि त्या चाचणीला वेळेची मर्यादा नसते, तेव्हा प्रत्येक प्रश्न शांतपणे दोनदा वाचा. निकाल पटला नाही तर पुनर्परीक्षेचा नियम विचारा आणि शाळा-कॉलेजच्या गुणांचा विचार होतो का, हेही विचारा.

तर ताई, तुमच्या दोन सल्लागारांपैकी माझे मत मैत्रिणीच्या बाजूचे आहे, फक्त तिच्या सल्ल्याला मी जोडवर्गाची अट घालते. आणि वर सांगितलेल्या तपासणीत लेखच समजत नसेल तर यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर ठरेल, म्हणजे खाली जायचे, पण एकाच पायरीने.

शेवटची भीती तुम्ही लिहिली आहे ती नापास होण्याची. सत्रपद्धतीच्या वर्गात साधारण पहिल्या दोन आठवड्यांत वर्ग सोडला तर शुल्क परत मिळते आणि गुणपत्रिकेवर काही दिसत नाही. त्यानंतर सत्राचा बराच भाग होईपर्यंत सोडल्यास ‘डब्ल्यू’ असा शेरा येतो, तो सरासरीत धरत नाहीत. नेमक्या तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या असतात, त्या पहिल्याच दिवशी लिहून घ्या. वर्ग पूर्ण झाला नाही तर तोच वर्ग ठरावीक वेळा पुन्हा घेता येतो. त्यामुळे पहिल्या निबंधावर कमी गुण आले तर लगेच सोडू नका. शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत तो निबंध घेऊन जा आणि ‘यात पुढच्या वेळी मी कोणती एक गोष्ट बदलू’ एवढेच विचारा. इथे शिक्षकांकडे जाणे म्हणजे तक्रार नव्हे, ते त्यासाठीच बसलेले असतात. समुपदेशकाची वेळ नोंदणी सुरू होण्याच्या किमान तीन आठवडे आधी घ्या, कारण नंतर त्या मिळत नाहीत. जाताना बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, पतसंस्थेतील अनुभवाचे पत्र आणि तुम्ही लिहिलेले ते दीड पान बरोबर न्या. लिखाण प्रत्यक्ष समोर असले की तुमच्यासाठी कोणता वर्ग योग्य आहे यावर समुपदेशकाला अंदाजाने बोलावे लागत नाही.